फ्रेझर साहेब, फ्रेझर नदी आणि पोतंभर पीठ

बाईंना विचारा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बाई, नमस्कार. मी एसटीतून निवृत्त झालो, आता वाचनाचा नाद लागलाय. राजर्षी शाहू महाराजांचं चरित्र वाचताना धारवाडच्या फ्रेझर साहेबांचं नाव वारंवार येतं. माझी धाकटी लेक कॅनडात सरे नावाच्या गावी असते, तिच्याकडची नदी फ्रेझर. जावई मूळचे बेंगळुरूचे, त्यांच्या आजोबांचं घर फ्रेझर टाऊनमध्ये. नातू आयपीएल लागली की 'फ्रेझर-मॅकगर्क' म्हणून घर डोक्यावर घेतो. हे सगळे एकाच भावकीतले का? मोबाईलवर वाचलं की हे आडनाव मूळचं नॉर्मन आहे. म्हणजे काय? जाता जाता एक, आपल्या आडनावाचा असा इतिहास काढायचा तर कुठं जायचं?
– एक वाचक, कसबा बावडा

उत्तर : तुमच्या पत्रात नदी, वस्ती आणि फलंदाज अशी तीन टोकं आहेत. त्यातलं एकच थेट आपल्या कोल्हापुराला येऊन मिळतं, ते म्हणजे जावयांच्या आजोबांचं घर. बेंगळुरूचं फ्रेझर टाऊन ज्यांच्या नावानं वसलं, तेच धारवाडचे फ्रेझर साहेब. पूर्ण नाव स्टुअर्ट मिटफर्ड फ्रेझर, जन्म १८६४, आयसीएस अधिकारी. महाराज राजकोटच्या राजकुमार कॉलेजातून बाहेर पडल्यावर १८९० पासून धारवाडला त्यांच्या देखरेखीखाली शिकत होते. महाराजांचा जन्म १८७४ चा. म्हणजे गुरू-शिष्यांच्या वयात जेमतेम दहा वर्षांचं अंतर. हे मी वर्गात सांगायची तेव्हा मुलं चमकायची, कारण 'राजाचा गुरू' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे पांढरी दाढी येते. हे साहेब पंचविशी-सव्विशीचे होते.

धारवाडला इंग्रजी, जगाचा इतिहास, राज्यकारभार असा अभ्यास चालायचा. पण नुसती पुस्तकं नव्हती. साहेबांनी आपल्या विद्यार्थ्यांना देशभर दौऱ्यावर नेलं. पुढं कोल्हापूरचे दिवाण झालेले रघुनाथराव सबनीसही धारवाडला शिकवायला होते, हे आपल्याकडं थोडं विसरलं जातं. फ्रेझरांचं नाव घ्यायचं आणि सबनीसांचं गाळायचं, ही साहेबाच्या नावाला भुलण्याची जुनी खोड. २ एप्रिल १८९४ ला महाराजांनी कारभार हाती घेतला आणि साहेबांचं इथलं काम संपलं. १८९६ पासून ते म्हैसूरचे बालराजे कृष्णराज वडियार यांच्या शिक्षणासाठी गेले. पुढं म्हैसूरचे रेसिडेंट, म्हणजे संस्थानातले इंग्रज सरकारचे प्रतिनिधी झाले, नंतर काश्मीर आणि हैदराबादलाही गेले.

बेंगळुरूत १८९८ साली प्लेगनं कहर केला होता. छावणीतली दाटी कमी करायला नव्या वस्त्या आखल्या गेल्या, त्यातली ही एक. रुंद रस्ते, हवेशीर प्लॉट. १९१० मध्ये ती सुरू झाली तेव्हा म्हैसूरच्या रेसिडेंटचं नाव तिला मिळालं. आता कागदोपत्री ती पुलकेशीनगर आहे. हर्षवर्धनाला नर्मदेवर रोखणारा बदामीचा चालुक्य राजा तो पुलकेशी. तरी रिक्षावाल्याला फ्रेझर टाऊनच सांगावं लागतं, हे जावईबापू तुम्हाला सांगतीलच.

आता नॉर्मन. मूळचे हे उत्तरेकडचे दर्यावर्दी लुटारू, व्हायकिंग. इ. स. ९११ च्या सुमारास फ्रान्सच्या राजानं त्यांच्या रोलो नावाच्या म्होरक्याला सेन नदीच्या मुखाकडचा मुलूख तोडून दिला: लुटू नका, इथंच राहा आणि इतर लुटारूंना अडवा. उत्तरेकडच्यांचा मुलूख म्हणून तो नॉर्मंडी. दोन-चार पिढ्यांत ही माणसं फ्रेंच बोलायला लागली, ख्रिस्ती झाली, घोड्यावर बसून लढायला शिकली. १४ ऑक्टोबर १०६६ ला त्यांचा ड्यूक विल्यम यानं हेस्टिंग्जला इंग्लंडच्या राजाला मारलं आणि अख्खं इंग्लंड आपल्या सरदारांत वाटून टाकलं.

आडनावं आली ती या वाटपाबरोबर. आधी लोक नुसत्या नावानं ओळखले जात. जमिनीचा मालक कोण आणि त्याच्यामागं ती कोणाला जाणार, हे नोंदवायची वेळ आली तेव्हा नावाला मागं काहीतरी जोडणं भाग पडलं. नॉर्मन सरदारांनी आपलं मूळ गाव जोडलं, आपण 'कर' लावतो तसंच. फक्त त्यांचा 'द', म्हणजे आपला 'चा', गावाच्या आधी येतो. ब्रिक्स गावचे ते ब्रूस. सेंट क्लेअरचे ते सिंक्लेअर. माँगोमरीचे ते मॉन्टगोमरी. काहींनी बापाचं नाव लावलं, जसे फिट्झजेराल्ड, म्हणजे जेराल्डचा मुलगा. पुण्याचा बंड गार्डनजवळचा फिट्झजेराल्ड पूल ज्या गव्हर्नरच्या नावाचा, तोही याच तऱ्हेच्या आडनावाचा.

स्कॉटलंड विल्यमनं जिंकला नाही. तिथं नॉर्मन गेले ते बोलावणं आलं म्हणून. राजा डेव्हिड पहिला (११२४ ते ११५३) इंग्लंडच्या दरबारात वाढला होता. गादीवर बसल्यावर त्यानं तिकडचे घोडेस्वार सरदार आणून त्यांना जमिनी दिल्या. त्या लाटेत आणि तिच्या मागोमाग जी घराणी आली, त्यात फ्रेझर. ११६० च्या सुमाराला सायमन नावाचा फ्रेझर एडिंबरोच्या पूर्वेला कीथ इथं जमीन धरून होता आणि तिथलं चर्च त्यानं केल्सोच्या मठाला दान दिलं. दानपत्र उरलं म्हणून माणूस उरला. आपल्याकडं शिलाहारांच्या काळातले कितीतरी लोक केवळ ताम्रपटातल्या दानामुळं आपल्याला ठाऊक आहेत, नाहीतर त्यांना कोण ओळखणार होतं? जुन्या कागदांत हे आडनाव फ्रेसेल, फ्रिसेल असं येतं. बोलणं फ्रेंच, वळण नॉर्मन, पण ब्रूसांचं जसं ब्रिक्स गाव नकाशावर बोट ठेवून दाखवता येतं, तसं फ्रेझरांचं एकही गाव फ्रान्समध्ये पक्कं जुळलेलं नाही. काही अभ्यासक त्यांना नॉर्मंडीच्या खालच्या आँजू प्रांतातले मानतात. तेव्हा 'नॉर्मन' हा शब्द इथं रक्ताचा दाखला म्हणून घेऊ नका. नॉर्मनांच्या आगेमागे जी फ्रेंच बोलणारी सरदारमंडळी आली, त्यांच्यापैकी एक, एवढंच घ्या.

पुढची दोन-तीनशे वर्षं हे घराणं स्कॉटलंडच्या दक्षिणेकडून उत्तरेकडं सरकत गेलं. एक सायमन फ्रेझर १३०३ साली रोझलिनला इंग्रजांशी लढला आणि १३०६ मध्ये लंडनला नेऊन मारला गेला. अलेक्झांडर फ्रेझर राजा रॉबर्ट ब्रूसचा मेहुणा. ब्रूसची बहीण मेरी त्याला दिली होती. एक शाखा ईशान्य किनाऱ्यावर गेली, तिथं फ्रेझरबरो हे बंदर त्यांनी वसवलं. दुसरी इन्व्हर्नेसजवळ लोव्हॅटला गेली आणि ती डोंगराळ मुलखातली मोठी जमात होऊन बसली. तिथली भाषा गेलिक. फ्रेंच वळणाचे हे सरदार तिथं गेलिक बोलू लागले, प्रमुखाला 'मॅकशिमी' म्हणजे सायमनचा मुलगा म्हणू लागले. ढालीवरचं घोषवाक्य मात्र फ्रेंचच राहिलं: 'मी तयार आहे' अशा अर्थाचं.

त्यामुळं सायमन फ्रेझर म्हटलं की आधी विचारावं लागतं, कुठला? आपल्याला सायमन म्हटलं की 'परत जा' आठवतं, तिकडं दर पिढीत एक सायमन.

त्यातला सगळ्यात इरसाल, लोव्हॅटचा अकरावा लॉर्ड. त्याला 'म्हातारा कोल्हा' म्हणत. सगळी हयात त्यानं इंग्लंडचा राजा आणि पदच्युत स्टुअर्ट घराणं या दोन दगडांवर पाय ठेवून काढली. १७४५ च्या बंडात मुलाला बंडखोरांकडं पाठवलं आणि स्वतः 'पोरगं ऐकत नाही हो' म्हणून सरकारला पत्रं लिहिली. बंड चिरडलं गेलं, कोल्हा सापडला. लंडनला नेताना वाटेत हॉगार्थ नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं: जाडजूड म्हातारा, खुर्चीत बसलेला, बोटांवर काहीतरी मोजतोय. आपल्या बाजूचे सरदार मोजतोय म्हणे. मला तर बाजार समितीच्या निवडणुकीआधी मतं मोजणारी माणसंच दिसतात त्यात. ९ एप्रिल १७४७ ला टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. बघायला एवढी झुंबड उडाली की प्रेक्षकांसाठी उभारलेला लाकडी मचाण कोसळून कितीतरी माणसं मेली. म्हाताऱ्याला स्वतःच्या मरणाच्या दारात त्याचंही हसू आलं, असं सांगतात. ब्रिटनमध्ये कुऱ्हाडीनं शिरच्छेद झालेला हा शेवटचा माणूस. ज्या ओंडक्यावर मान ठेवली तो आजही लंडनच्या टॉवरमध्ये बघायला मिळतो.

त्याच्या मुलानं, हाही सायमनच, बापाला मारणाऱ्या सरकारसाठीच दहा वर्षांनी पलटण उभी केली. ती कॅनडात गेली आणि १७५९ साली क्वेबेकच्या लढाईत फ्रेंचांविरुद्ध उभी राहिली. ढालीवर फ्रेंच वाक्य मिरवणारे फ्रेझर, समोर फ्रेंच.

आता तुमच्या लेकीची नदी. ती आणखी तिसऱ्याच सायमनची. याचं घराणं लोव्हॅटवाल्यांच्या दूरच्या शाखेतलं, अमेरिकेत स्थायिक झालेलं. तिथल्या स्वातंत्र्ययुद्धात बाप राजाच्या बाजूनं लढला आणि कैदेत मेला. आई लेकरं घेऊन कॅनडात गेली. पोरगा फरच्या, म्हणजे केसाळ कातड्यांच्या व्यापारी कंपनीत लागला. १८०८ साली तो एका नदीतून होड्या घेऊन समुद्राकडं निघाला. त्याला वाटलं, ही कोलंबिया नदी. ती असती तर कंपनीला पॅसिफिकपर्यंतची व्यापाराची वाट मिळाली असती. वाटेत अशी घळ लागली की होड्या सोडून कड्याला बांधलेल्या दोऱ्या-शिड्यांवरून जावं लागलं. त्या शिड्या तिथल्या मूळच्या लोकांच्या, वाटही त्यांनीच दाखवली. समुद्राशी पोचून अक्षांश काढला तर ४९ च्या आसपास! कोलंबियाचं मुख ४६ वर. नदी भलतीच निघाली. त्याच्या लेखी सफर फसली. नाव मात्र त्याचंच लागलं, तेही डेव्हिड थॉम्प्सन या दुसऱ्या शोधकानं दिलेलं. सुमारे १,३७५ किलोमीटरची नदी, तिच्याकाठी पिढ्यानपिढ्या राहणारे लोक तिला 'स्टोलो' म्हणतात आणि स्वतःलाही त्याच नावानं ओळखतात. सायमन १८६२ मध्ये गरिबीत वारला. आता त्याच्या नावाचं विद्यापीठ आहे. लेक सरेत आहे म्हणजे त्याची एक शाखा तिच्या गावातच आहे.

तर भावकी एक का? माझं उत्तर नाही असंच आहे, आणि त्याचं कारण पिठात आहे. डोंगराळ मुलखात सरदाराची ताकद मोजायची ती त्याच्यामागं किती माणसं उभी राहतात यावर. म्हणून लोव्हॅटच्या सरदारानं जो कोणी फ्रेझर आडनाव लावेल त्याला ओटचं एक 'बोल' पीठ देऊ केलं, अशी तिकडची परंपरा सांगते. बोल हे स्कॉटलंडचं जुनं माप, पिठाचं म्हणाल तर सुमारे ६३ किलो. भुकेच्या दिवसांत पोतंभर पीठ मिळत असेल तर आडनाव बदलायला किती वेळ लागतो? त्या लोकांना पुढं कित्येक पिढ्या 'पिठाचे फ्रेझर' म्हणून चिडवत. आज ऑस्ट्रेलिया-कॅनडातून इन्व्हर्नेसला येऊन 'आमचे नॉर्मन पूर्वज' म्हणून किल्ल्यापुढं फोटो काढणारे जे पर्यटक असतात, त्यातले कितीतरी या पिठाचे वारस असणार. त्यात कमीपणा काही नाही. मला तर किल्ल्याच्या सायमनपेक्षा पोतं डोक्यावर घेऊन घरी निघालेला तो माणूस जास्त जवळचा वाटतो.

आपल्याकडं तरी वेगळं काय झालंय? पाटील, देसाई, इनामदार, कुलकर्णी ही कामाची आणि वतनाची नावं. शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी आणले. वतन गेलं, आडनाव राहिलं. आता एका गल्लीतले चार कुलकर्णी एका मुळाचे, असं कोणी म्हणत नाही. फ्रेझरांच्या बाबतीतही म्हणू नये.

नातवाच्या फलंदाजाचं जोडआडनाव आहे, त्यातला फ्रेझर कोणत्या शाखेचा हे विचारू नका. त्यापेक्षा तुमच्या पिढीचा अँगस फ्रेझर त्याला सांगा. १९९० ची लॉर्ड्स कसोटी. फॉलोऑन टाळायला २४ धावा हव्या, शेवटची जोडी, समोर हेमिंग्ज. कपिलनं सलग चार षटकार ठोकले आणि प्रश्न मिटवला. पुढच्याच षटकात हिरवाणीला पायचीत करून डाव संपवला तो याच अँगसनं. १०४ धावांत पाच बळी. चार षटकार सगळ्यांच्या लक्षात आहेत, पाच बळी त्याच्या घरच्यांच्याच असतील.

तुमचं पत्र मी आमच्या वाचक कट्ट्यावर वाचून दाखवलं, तिथं प्रश्नाला फाटे फुटले. आडनावाच्या इतिहासाचं शेवटी सांगते. आधी कट्ट्यावरचे प्रश्न.

प्रश्न : बाई, शाळेत कोळ्याकडं बघून जिद्द शिकलेल्या ब्रूसची गोष्ट होती. तोही नॉर्मनच? मग तो 'स्कॉटलंडचा स्वातंत्र्यवीर' कसा?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, गडहिंग्लज

उत्तर : घराणं नॉर्मंडीचं, राजा स्कॉटलंडचा. ११२४ मध्ये पहिल्या ब्रूसला ॲनंडेलची जमीन मिळाली आणि १३१४ ला रॉबर्ट ब्रूसनं इंग्रजांना हरवलं ती बॅनकबर्नची लढाई झाली. मध्ये जवळजवळ दोनशे वर्षं गेली. एवढ्यात माणूस त्या मातीचा होतो. तंजावरच्या भोसल्यांना तिथं परके म्हणाल का? कोळ्याची गोष्ट मात्र फार पुढच्या काळात जोडलेली आहे. परीक्षेत लिहू नकोस, भाषणात चालेल.

प्रश्न : आमच्या वेळी तालमीत जो फ्रेझियरचं नाव होतं. अलीला हरवलेला गडी. तो काळा माणूस, त्याला हे गोऱ्या साहेबाचं आडनाव कसं?
– एक जुने पैलवान, गंगावेश

उत्तर : वस्ताद, प्रश्न नेमका केलात. स्पेलिंगमध्ये फरक आहे, आडनाव तेच. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कला त्यानं महंमद अलीला पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवलं, ती ही लढत. जन्म १९४४ चा, अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनातल्या ब्यूफर्ट इथं, शेतमजुराच्या घरात. लहानपणी ठोसे मारायला पिशवी नव्हती म्हणून त्यानं गोणपाटात चिंध्या, मक्याची कणसं, झाडावरचं शेवाळ आणि मधोमध एक वीट घालून ती झाडाला टांगली होती. डाव्या हाताला झालेली जुनी इजा नीट बरी झाली नाही, हात थोडा वाकडाच राहिला. आणि त्याचा जगाला धाक होता तो त्याच डाव्या हुकचा.

आडनावाचं कारण दुखरं आहे. स्कॉटलंडचे कितीतरी जमीनदार आणि व्यापारी कॅरिबियन बेटांत आणि अमेरिकेत मळे काढून बसले. उसाचे, कापसाचे, भाताचे. तिथं राबणारे गुलाम आफ्रिकेतून आणलेले. त्यांची स्वतःची नावं पुसली गेली आणि पुढं मालकांची आडनावं त्यांच्या वंशजांना चिकटली. ब्रिटिश वसाहतींत गुलामगिरी १८३४ ते १८३८ दरम्यान संपली, अमेरिकेत १८६५ मध्ये. आडनावं तशीच राहिली. बीजिंग आणि लंडन अशा लागोपाठ दोन ऑलिंपिकांत शंभर मीटर जिंकणारी जमैकाची शेली-अ‍ॅन फ्रेझर-प्राइस घ्या. किंग्स्टनच्या गरीब वस्तीतून आलेली पोरगी. तिच्या देशात स्कॉटिश आडनावांचा एवढा सुकाळ आहे तो याच मळ्यांमुळं.

हिंदुस्थानाशीही याचा धागा आहे. इन्व्हर्नेसजवळच्या रीलिगच्या फ्रेझर घराण्याचे दक्षिण अमेरिकेत गयानाला मळे होते. कर्ज अंगावर आलं, तेव्हा त्याच घरातले भाऊ नशीब काढायला इकडं आले. त्यातला विल्यम दिल्लीत राहिला, फारसी-उर्दूत रमला, गालिबशी त्याची ओळख होती. १८३५ च्या मार्चमध्ये त्याला गोळी घातली गेली आणि त्या खटल्यात फिरोजपूर झिरक्याचे नवाब शम्सुद्दीन फासावर गेले. त्याचा भाऊ जेम्स चित्रकार. हिमालयाची आणि कलकत्त्याची त्याची चित्रं नावाजलेली आहेत.

आणखी एक, तुम्हाला आवडेल असं. १९६४ चं टोकियो ऑलिंपिक. जो फ्रेझियरनं अंगठा मोडलेला असताना हेवीवेटचं सुवर्ण घेतलं. त्याच ऑलिंपिकात ऑस्ट्रेलियाच्या डॉन फ्रेझरनं शंभर मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचं सलग तिसरं सुवर्ण मिळवलं. एक काळा मुष्टियोद्धा, एक गोरी जलतरणपटू, एकच आडनाव. त्या दोघांना भाऊबहीण कोणी म्हटलं नाही.

प्रश्न : फ्रेझरांच्या ढालीवर स्ट्रॉबेरीची फुलं असतात म्हणे. हे त्यांचं देवक का?
– गृहिणी, पन्हाळा रस्ता

उत्तर : दिसायला तसं वाटतं खरं. निळ्या ढालीवर पाच पाकळ्यांची पांढरी फुलं असतात, महाबळेश्वरला हिवाळ्यात वाफ्यात दिसतात तसली. पण देवकाचं काम निराळं. कळंब, मोरवेल, पंचपल्लव यांपैकी जे आपलं देवक, ते लग्नात पूजायचं आणि ज्यांचं देवक एकच, त्यांच्यात सोयरीक करायची नाही. फ्रेझरांत तसं बंधन काहीच नाही, फ्रेझरची मुलगी फ्रेझरला चालते. स्ट्रॉबेरीला फ्रेंचमध्ये 'फ्रेज' म्हणतात, आडनावाशी यमक जुळलं म्हणून ढालीवर फूल काढलं. चिलखतात तोंड झाकलेल्या माणसाला रणात ओळखायला हे चित्र.

मग फुलावरून गोष्टही रचली गेली: इ. स. ९१६ मध्ये कोणा द बेरी नावाच्या माणसानं फ्रान्सच्या राजा चार्ल्सला सुग्रास स्ट्रॉबेरी खाऊ घातल्या, राजानं खूश होऊन त्याला सरदार केलं आणि हे आडनाव दिलं. हा राजा तोच, ज्यानं रोलोला नॉर्मंडी दिली. त्याचं एक दान खरं, दुसरं बनावट.

प्रश्न : ऑस्ट्रेलियातलं फ्रेझर बेट कोणत्या सायमनचं?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : कुठल्याच नाही. ते एलायझा फ्रेझरचं, आणि तिचं आडनावही नवऱ्याचं. १८३६ मध्ये नवऱ्याचं जहाज फुटलं, तो मेला, ती तिथं जगली-वाचली आणि पुढं तिनं स्थानिक लोकांबद्दल तिखटमीठ लावून गोष्टी सांगितल्या. जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. २०२३ साली त्याला तिथल्या बुचुल्ला लोकांचं 'गारी' हे नाव परत मिळालं.

आता कसबा बावड्याच्या वाचकांचा राहिलेला भाग, म्हणजे आपल्या आडनावाचा इतिहास. तीन दारं ठोठवा. पहिलं कोल्हापूरचं पुराभिलेखागार. करवीर दरबाराची दप्तरं तिथं आहेत. पण बहुतेक कागद मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा बरोबर न्या किंवा स्वतः शिका, निवृत्तांना उत्तम उद्योग आहे. गाव आणि वतनाचा प्रकार आधी माहीत असेल तरच शोध लागतो, नुसतं आडनाव सांगून कोणी दप्तराचा रुमाल सोडत नाही. दुसरं, तीर्थक्षेत्रातले उपाध्ये. नाशिक-त्र्यंबकच्या वह्यांत तुमचे पणजोबा अस्थी घेऊन गेले असतील तर त्यांची सही किंवा अंगठा सापडतो.

तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं, हेळवी. आपल्या सीमाभागातले हे पिढीजात वंशावळ सांगणारे. त्यांच्याकडं घराण्यांची बाडं असतात. मूळ गाव कुठलं, तिथून का उठले, कोणाला किती मुलगे, हे ते घडाघडा म्हणून दाखवतात. पूर्वी बैलगाडीनं यायचे, आता टेम्पोनं येतात. सुगीनंतर तुमच्या मूळ गावी कोणा भाऊबंदाला सांगून ठेवा, आले की निरोप द्यायला. लेकीला व्हिडिओ कॉलवर घ्यायचं असेल तर त्यांना आधी विचारा, बाड उघडताना मोबाईल पुढं केलेला सगळ्यांना आवडत नाही. धान्य आणि दक्षिणा तयार ठेवा. आणि लेकीची, नातीची नावंही बाडात चढवायला सांगा. काही जण कुरकुर करतात, पण नेट लावला की लिहितात.